शुक्रवारची खतावणी: नोकरीत नवीन असाल तर आठवड्याची नोंद कशी लिहायची

शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन येतो, काय केलंस गं आठवडाभर, आणि तोंडातून निघतं "काही नाही गं, मीटिंगाच". खरं तर सोमवारपासून जीव गेलेला असतो, दोन रात्री अकरापर्यंत बसलेले असतो, एक भयंकर बग सापडलेला असतो, टीममधल्या एकाशी वाजलेलं असतं. पण सांगायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात माझं हे दर आठवड्याला व्हायचं, आणि अप्रेझलचा फॉर्म आला तेव्हा तर मी अक्षरशः पाठवलेले मेल्स उघडून बसले होते की बाई गं मी सहा महिने नक्की करत काय होते.

तर हे लिखाण अशांसाठी आहे ज्यांना नोकरी लागून फार दिवस झाले नाहीत, आणि दर आठवड्याला काम, टेक्नॉलॉजी आणि शिकणं याबद्दल स्वतःसाठी थोडं लिहायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही. इंग्रजीत याला वीकनोट्स म्हणतात, २००९-१०च्या सुमारास लंडनमधल्या डिझाइन आणि सॉफ्टवेअरवाल्यांत ही सवय रुळली, नंतर ब्रिटनच्या सरकारी डिजिटल टीम्समधेही. पण मला ती कळली ती लंडनवरून नाही, बार्शीवरून.

बार्शीला आमच्या आजोबांचं भुसार मालाचं दुकान होतं. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या असायच्या, एक रोजकीर्द आणि एक खतावणी. रोजकीर्दीत दिवसभरात जे होईल ते, ज्या क्रमाने होईल तसं, पटापट लिहायचं, एका बाजूला जमा, एका बाजूला नावे. मग सवडीने बसून त्याच नोंदी खतावणीत त्या त्या माणसाच्या, त्या त्या मालाच्या खात्यावर चढवायच्या. लहानपणी मला वाटायचं की हे काय, एकच गोष्ट दोनदा लिहितात. अकरावीला कॉमर्सच्या मैत्रिणीचं पुस्तक चाळलं तेव्हा कळलं की रोजकीर्द सांगते काय झालं, आणि खतावणी सांगते कुणाचं काय चाललंय. आठवड्याची नोंद म्हणजे ही खतावणी. बहुतेक जण डायरी लिहायला घेतात आणि दोन आठवड्यात सोडतात, कारण ते रोजकीर्दीलाच खतावणी समजतात, म्हणजे सोमवारी हे केलं, मंगळवारी ते केलं, आणि मग स्वतःलाच वाचायला कंटाळा येतो.

पायरी १: रोजकीर्द, म्हणजे रोजचा कच्चा माल

आधी रोज दोन ओळी. जास्त नाही. यासाठी वेगळं अॅप घेऊ नका, नवीन अॅप शोधण्यातच पहिला आठवडा जातो, मी तीन अॅप्स बदलली होती आणि नोंद एकही नव्हती. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तेवढं पुरतं. जेवून आल्यावर किंवा बसमधे बसल्यावर टाकायचं, तुटक चालतं, मिंग्लिश चालतं, शुद्धलेखन तपासायला कुणी येत नाहीये. टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलवरच्या गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठीत बोलूनही लिहिता येतं, फक्त हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे हॉर्नच्या आवाजात ते काय लिहील याची गॅरंटी नाही.

लिहायचं काय, तर ज्या गोष्टीने तुम्ही दचकलात ती. चिडलात ती. "अच्छा असं असतं होय" वाटलं ती. कुणीतरी मीटिंगमधे एक शब्द वापरला आणि सगळ्यांनी मान डोलावली म्हणून तुम्हीही डोलावलीत, तो शब्द. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवीन माणसाला जे कळत नाही ते विचारायची मुदत साधारण तीन-चार महिने असते, नंतर लाज वाटायला लागते.

आणि दोन ओळी त्याच दिवशी का, शुक्रवारी एकदम का नाही, तर हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला होता. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही वेळाने तीच परत पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजायचं. एका तासानंतर निम्म्याहून कमी मेहनत वाचत होती, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश आणि सहा दिवसांनी चौथा हिस्सा. आता कुणी म्हणेल की ती निरर्थक अक्षरं होती, ऑफिसच्या कामाला कसं लागू होईल. ज्यांनी सोमवार सकाळचा स्टेटस कॉल ऐकलाय ते असं म्हणणार नाहीत.

पायरी २: वेळ ठरवा, आणि रविवारची रात्र ठरवू नका

रविवारी रात्री लिहिलं की सगळं रडगाणं होतं, कारण डोक्यात सोमवार असतो. शुक्रवारी चारनंतर ऑफिसमधेच अर्धा तास, हे मला सगळ्यात जमलं. लॅपटॉप उघडाच असतो, आठवड्याच्या कामांची तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, समोर असतात, आणि तसंही त्या वेळी कुणी मोठं काम सुरू करत नाही. ज्यांची सुट्टी शनिवार-रविवार नाही त्यांनी आपल्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. माझ्या मैत्रिणीचा नवरा चाकणला सीएनसी मशिनवर आहे, त्याला गुरुवारी सुट्टी, तो बुधवारी शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधे मोबाईलवरच लिहितो, आणि त्याच्या नोंदी माझ्यापेक्षा भारी असतात कारण त्याला मीटिंगा कमी असतात.

अर्धा तास म्हणजे अर्धा तासच. टायमर लावा.

पायरी ३: पसारा समोर घ्या

लिहायच्या आधी पाच-सात मिनिटं फक्त गोळा करायचं. स्वतःला पाठवलेले मेसेज, आठवड्याचं कॅलेंडर, पाठवलेले मेल्स (आलेले नाही, आलेल्यांत दुसऱ्यांचं काम असतं), आणि प्रोग्रामर असाल तर गिट लॉगला आपलं नाव आणि मागचे सात दिवस अशी चाळणी लावून निघालेली कमिट्सची यादी. ब्राउझरची हिस्ट्री पण बघा, ती फार प्रामाणिक असते. मला एकदा दिसलं की एका आठवड्यात मी एकच गोष्ट, तारीख कशी फॉरमॅट करायची ते, सहा वेळा शोधली होती. सहा वेळा! ते त्या आठवड्याच्या नोंदीत गेलं आणि खाली ते उत्तरही लिहून टाकलं.

पायरी ४: खात्यांवर चढवा

आता खरं काम. मी चार खाती ठेवते. काम. माणसं. यंत्र, यात सगळी टेक्नॉलॉजी आली, टूल्स, मशिन, सॉफ्टवेअर. आणि चौथं उधारी, म्हणजे जे अजून कळलेलं नाही, कुणाला विचारायचंय, काय वाचायचंय ते. शिकण्याचं वेगळं खातं सुरुवातीला ठेवलं होतं पण ते नेहमी रिकामं राहायचं किंवा मग त्यात एखाद्या कोर्सचं नाव असायचं, शिकणं खरं बाकीच्या तीन खात्यांतच होत असतं, मग ते खातं बंद केलं. तुम्ही तुमची खाती ठरवा, पण चारापेक्षा जास्त नको, नाहीतर भरण्यासाठी भरणं सुरू होतं.

प्रत्येक खात्यावर तीन-चार वाक्यं. एखाद्या आठवड्यात माणसं या खात्यावर काहीच नसेल तर काहीच लिहू नका. पण सलग तीन आठवडे काही नसेल तर ती पण एक नोंद आहे, म्हणजे तुम्ही कुणाशी बोलतच नाही आहात.

आणि नोंद कशी असावी यासाठी माझ्याच दोन देते, कारण नुसतं "चिंतन करा" म्हणून कुणाला काही कळत नाही.

घडलं असं होतं की एका प्रोजेक्टमधे ग्राहकांच्या तक्रारी डेटाबेसमधे रिकाम्या दिसत होत्या. सगळ्या नाही, काहीच. लोक फोन करून म्हणायचे अहो मी एवढं लिहिलं होतं, आणि आमच्याकडे नुसती तारीख आणि नंबर. माझी पहिली नोंद, जी मी त्या शुक्रवारी घाईत लिहिली, ती ही: "तक्रारींचा डेटाबेसचा बग सोडवला. कठीण होता. खूप शिकायला मिळालं." हे वाचून आज मला काय कळतं? काहीच नाही. कुठला बग, काय कठीण, काय शिकले, सगळं हवेत. ही स्टेटस रिपोर्टची भाषा आहे, मॅनेजरला द्यायला ठीक.

नंतर मी ती परत लिहिली, ती अशी (मायएसक्यूएल म्हणजे आमच्या डेटाबेसचं सॉफ्टवेअर, यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत, कडक मोड म्हणजे न बसणारा डेटा आला की गपचूप कापण्याऐवजी एरर देणं, इंडेक्स म्हणजे पटकन शोधण्यासाठी डेटाबेसने ठेवलेली सूची):

"यंत्र. तक्रारी रिकाम्या. मला आणि सगळ्यांना वाटलं मराठीमुळे, कारण रिकाम्या सगळ्या मराठीच होत्या. दीड दिवस देवनागरीच्या मागे घालवला. निघालं वेगळंच: त्या सगळ्या तक्रारींची सुरुवात हात जोडलेल्या इमोजीने होती. मायएसक्यूएलमधे ज्याला यूटीएफ-८ म्हणतात ते एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरी ३ बाइटमधे बसते, इमोजीला ४ लागतात. सर्व्हर कडक मोडमधे नव्हता म्हणून एरर न देता इमोजीपासून पुढचं सगळं कापत होता. इलाज यूटीएफ-८-एमबी-४. ते करताना इंडेक्स फुटला, कारण जुनी मर्यादा ७६७ बाइट आणि २५५ अक्षरं गुणिले ४ म्हणजे १०२०. कॉलम १९१ अक्षरांचा केला. माणसं. सपोर्टच्या ताईंना पहिल्याच दिवशी दिसलं होतं की सगळ्या 'नमस्कार'वाल्या तक्रारी जातायत, आम्ही त्यांना विचारलंच नाही. उधारी. कडक मोड बंद कुणी आणि का ठेवला होता?"

फरक बघा. दुसऱ्या नोंदीत अंदाज काय होता ते आहे आणि निघालं काय ते आहे. नवीन माणसाने एवढी एकच गोष्ट पाळली तरी पुरे: *मला काय वाटलं होतं, आणि निघालं काय*. नुसतं उत्तर लिहिलं तर ते इंटरनेटवर मिळतंच, आपला चुकलेला अंदाज मात्र कुठेच मिळत नाही. आणि माझे अंदाज एकाच दिशेने चुकतात हे मला अशा पाच-सहा नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसलं, मी नेहमी आधी यंत्रावर संशय घेते आणि ज्याला ते रोज वापरावं लागतं त्याला सगळ्यात शेवटी विचारते. ही सवय मोडायला वर्ष गेलं (पूर्ण मोडलेली नाही).

आठ-नऊ महिन्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टमधे हुबेहूब तेच आलं. सगळे परत देवनागरीच्या नावाने बोटं मोडायला लागले. मी जुन्या फाइल्समधे "इमोजी" शोधलं आणि दोन मिनिटांत १९१ हा आकडा समोर. टीममधे त्या दिवशी माझी जी इज्जत झाली ती कुठल्या सर्टिफिकेटने झाली नसती.

असंच एक छोटं, यंत्र खात्यावरचं: मराठी एसएमएसचं बिल इंग्रजीच्या दुप्पट-तिप्पट का येतं. एका इंग्रजी एसएमएसमधे १६० अक्षरं बसतात, देवनागरी आली की ७०, आणि त्यातही काना, मात्रा, पाय मोडण्याचं चिन्ह सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "नमस्कार" आपल्याला चार अक्षरं दिसतात, मोजली जातात सात. हे मला कुणी शिकवलं नाही, अकाउंट्समधल्या काकांनी बिल आणून टेबलावर आपटलं तेव्हा कळलं.

पायरी ५: काय लिहायचं नाही

हे आधी सांगायला हवं होतं खरं. तुम्ही जॉइन होताना न वाचता सही केलेल्या कागदांत गोपनीयतेचा करार असतो, तो एकदा वाचा. नोंद स्वतःसाठी असली तरी क्लायंटचं नाव, ग्राहकाचा फोन नंबर, पासवर्ड, कंपनीचा कोड, हे नोंदीत येता कामा नये, विशेषतः नोंदी तुमच्या स्वतःच्या मोबाईलवर किंवा पर्सनल ड्राइव्हवर असतील तर. व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवलेल्या दोन ओळींनाही हेच लागू. "ग्राहक" लिहा, "एक मोठा क्लायंट" लिहा, काही बिघडत नाही. आता तर डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदाही आहे, २०२३ चा, लोकांचा डेटा ही गंमत राहिलेली नाही. तक्रारींचा स्क्रीनशॉट काढून नोंदीत चिकटवणं मी एकदा केलंय, सीनियरने बघितलं आणि बाजूला घेऊन जे सुनावलं ते पण नोंदीत आहे, स्क्रीनशॉट नाही.

माणसांबद्दल लिहिताना एक साधा नियम, ती व्यक्ती खांद्यावरून वाचत असेल तर चालेल का? राग लिहा, पण आपल्या बाजूने. "तो नालायक आहे" यापेक्षा "त्याने कॉलवर मला मधेच तोडलं आणि मी गप्प बसले, का बसले" हे जास्त कामाचं, आणि सहा महिन्यांनी वाचताना लाज पण कमी वाटते.

पायरी ६: ठेवायचं कुठे

साधी टेक्स्ट फाइल. खरंच. फॅन्सी अॅप तीन वर्षांनी बंद पडतं किंवा पैसे मागतं, टेक्स्ट फाइल कुठेही उघडते. नाव देताना आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे २०२५-०७-०४ असं, कारण मग फाइल्स आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात, आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला की सगळ्या महिन्यांच्या ४ तारखेच्या फाइल्स एकत्र येऊन बसतात. आकडे एकतर सगळे इंग्रजी ठेवा नाहीतर सगळे मराठी, मिसळलं की क्रम बिघडतो.

मराठीत लिहिणार असाल, आणि लिहाच, कारण इंग्रजीत लिहिलं की आपोआप रिपोर्टची भाषा येते, तर युनिकोडमधेच, म्हणजे मोबाईलवर टाइप करतो तीच मराठी, जी कुठल्याही मशिनवर तशीच दिसते. काही सरकारी आणि छपाईवाल्या ऑफिसांत अजून जुने फॉन्ट चालतात, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे, त्यातल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधे लिहिलेलं दिसतं मराठी पण आत असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडलं की सगळा कचरा आणि शोधून तर काही सापडतच नाही. ज्या नोंदीत शोधता येत नाही ती नोंद काय कामाची.

वहीत लिहायला आवडत असेल तर वहीत लिहा, हरकत नाही, फक्त शेवटच्या पानावर अनुक्रमणिका ठेवा.

पायरी ७: एआयला काय द्यायचं

हल्ली हे विचारतातच. आठवड्याचे मेसेज चॅटजीपीटीला देऊन "याची छान नोंद करून दे" म्हटलं की तो करून देतो, आणि छानच करून देतो, तीच तर अडचण आहे. खात्यावर चढवताना जे डोकं चालतं तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप, तेच बाहेर दिलं तर हातात उरतो एक गुळगुळीत परिच्छेद ज्यात तुम्ही "आव्हानांना सामोरे" गेलेले असता. मी दोन महिने करून बघितलं. त्या आठ नोंदी आज वाचल्या तर त्या माझ्या आहेत की शेजारच्या टेबलवरच्या मुलाच्या, सांगता येत नाही.

उलटं मात्र जमतं. आधी स्वतः लिहायचं, कामाची गुप्त माहिती काढून टाकायची, आणि मग त्याला सांगायचं की हे वाच आणि मला तीन प्रश्न विचार, उत्तरं देऊ नकोस. बऱ्याचदा फालतू प्रश्न येतात. पण कधीतरी एखादा असा येतो की उधारीच्या खात्यावर जातो.

पायरी ८: तेरीज

आजोबा अधूनमधून तेरीज काढायचे, सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज जुळते का बघायला. नोंदींची तेरीज महिन्यातून एकदा, वीस मिनिटं. नवीन काही लिहायचं नाही, फक्त मागच्या चार नोंदी वाचायच्या आणि उधारीचं खातं तपासायचं. जे फिटलं त्याला काट, जे तीन महिने तसंच पडून आहे त्याचं काय करायचं ते ठरवायचं, एकतर त्या आठवड्यात कुणाला तरी विचारायचं नाहीतर बुडीत खाती टाकायचं. कुबरनेटीस (बऱ्याच सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायचं आणि सांभाळायचं एक टूल) शिकायचं हे माझ्या उधारीत चौदा महिने होतं. शेवटी बुडीत टाकलं आणि इतकं हलकं वाटलं, कारण माझ्या कामात ते लागतच नव्हतं, फक्त सगळे बोलत होते म्हणून खात्यावर आलं होतं. वर्षभराने दुसऱ्या टीममधे लागलं तेव्हा पंधरा दिवसांत शिकले.

अप्रेझलच्या आधी हीच तेरीज कामाला येते. पण नोंदी अप्रेझलसाठी लिहू नका, लिहायला लागलात की चुकलेले अंदाज पहिल्यांदा गायब होतात.

आणि आठवडा चुकला तर

चुकणारच. रिलीज असतं, ताप येतो, गावाला लग्न असतं. तीन आठवडे चुकले की लोक काय करतात, बसून तिन्ही आठवड्यांचं आठवून लिहायला घेतात, ते काही पूर्ण होत नाही आणि मग चौथाही जातो आणि मग सगळंच बंद पडतं. मागचं भरायचं नाही. त्या तारखेची फाइल करायची, एक ओळ लिहायची की का चुकलं, आणि या शुक्रवारपासून पुढे. आजोबांच्या रोजकीर्दीत दर वर्षी आषाढात एक पान असायचं, वर तारीख, खाली त्यांच्या अक्षरात "एकादशी, दुकान बंद", आणि बाकी पान कोरं. दुसऱ्या दिवशीच्या पानावर पहिली ओळ मागची शिल्लक, आणि दुसऱ्या ओळीपासून गहू, ज्वारी, तूर.